लाल ठिपका

कय्यूमभाईच्या हातून दुरुस्त झालेला ॲम्प्लिफायर ओळखायला पाटी वाचावी लागत नसे. ट्रेबलच्या, म्हणजे आवाजातला बारीकपणा कमी-जास्त करायच्या बटणाच्या कडेला लाल नेलपॉलिशचा एक बारीक ठिपका असायचा. आवाज मनासारखा जुळला की बटण आणि पत्रा दोन्हींना चिकटेल असा तो ठिपका टाकायचा आणि गिऱ्हाईकाला बजावायचा, "आता याले कोनी हात लावाचा नाई." नेलपॉलिश त्याच्या लेकीची, सफाची. ती लग्न होऊन मेहकरला गेली, बाटली दुकानात राहिली. कुणी ठिपका खरवडून बटण फिरवलेलं असलं तर ते त्याला लगेच दिसायचं आणि मग त्या माणसाला चहा मिळत नसे. मला एकदा मिळाला नव्हता, म्हणून माहीत आहे.

मी संग्रामपूर तालुक्यातला, नाव महादेवराव. थोडी कपाशी आणि आईच्या नावानं सुरू केलेली 'सोजरा साउंड सर्व्हिस' यावर आमचं घर चालतं. लग्न, भजन, सभा, जीपवरची जाहिरात, ज्याला ओरडून सांगायचं असेल त्याला मी भोंगा देतो. सामान बिघडलं की मी ते बसच्या टपावर टाकून खामगाव गाठायचो. वाटेत दुरुस्तीची दुकानं कमी नव्हती, पण कय्यूमभाईसारखा कान तिथं कुणाला नव्हता, आणि मी माणूस जरा हट्टी आहे.

त्या कानाची ख्याती जिनिंगमधली. कय्यूमभाई उमेदीची सगळी वर्षं एका जिनात फिटर होता. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राला आमच्याकडे रेचा म्हणतात, आणि असे रांगेनं रेचे चालू असले की तिथं माणसं खुणांनीच बोलतात. त्या गलबल्यात उभं राहून कय्यूमभाई बोट दाखवायचा, "त्या कोपऱ्यातल्याचं बेअरिंग गेलं." उघडून पाहिलं तर खरंच गेलेलं असायचं. जिन सुटल्यावर त्यानं घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं, आणि गावानं त्याला 'कानवाले कय्यूमभाई' करून टाकलं. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक जाड हिरवा पडदा होता. पडद्याआड त्याची बायको, ताहेराभाभी. तिचा चेहरा मी फार वर्षांनी पाहिला, पण तिचा चहा आणि तिचं बोलणं दोन्ही पडद्याबाहेर येत असत. आपसात ते उर्दूत बोलायचे, माझ्या कानावर पडावं असं वाटलं की वऱ्हाडीत.

मोजायच्या यंत्रांवर त्याचा राग होता. एक जुना काट्याचा मीटर तेवढा बाळगायचा. बाकी कुणी मोजायच्या उपकरणांची गोष्ट काढली की म्हणायचा, "अल्लानं दोन देले हायेत ना डोक्याले. इकत काऊन घेऊ?"

बीटी कपाशी आमच्या भागात आली त्या वर्षांची ही गोष्ट. मार्च-एप्रिलपासून बियाण्याच्या जाहिरातीच्या जीपा गावोगाव फिरायला लागायच्या. आमच्या तालुक्याच्या गावी हिंमतराव म्हणून कृषी केंद्रवाले होते, त्यांच्या जीपवर माझा भोंगा आणि माझाच आवाज. लग्नाचा धंदा तेव्हा मंदावला होता. अळी गेली म्हणता म्हणता खर्च वाढला, पाऊस लहरी झाला, कापूस घरात पडून राहायला लागला. लोक लग्नं पुढं ढकलत होते. काही घरी मी मंडपाचं सामान न मागता पाठवून दिलं, कशासाठी ते इथं लिहीत नाही. त्यामुळे हिंमतरावांची जीप हाच माझा आधार होता, आणि माझ्यासारखे दोघे-तिघे साउंडवाले ज्या कय्यूमभाईकडे जात, त्याचाही.

बीटीच्या थैलीत तेव्हा एक लहान पाकीट निघायचं, साध्या, बिगर बीटी बियाण्याचं. ते शेताच्या कडेनं चारी बाजूंना पेरायचं. अळीला खायला तेवढं राहिलं तर ती बीटीला लवकर सरावत नाही, असं त्यामागचं कारण. लोक ते पाकीट वाया घालवतात म्हणून हिंमतरावांनी मला वाक्य लिहून दिलं होतं: "बिगर बीटीचं पाकीट फेकू नका, बांधाच्या कडेनं पेरा!" मी घसा ताणून ते पंधरा गावांत म्हटलं.

पेरण्या आटोपल्यावर हिंमतराव शिवारात गेले आणि कपाळाला हात लावून परत आले. बांधाच्या कडेनं, ओळीनं, व्यवस्थित अंतरावर पाकिटं फेकलेली होती. न फोडता! एका म्हाताऱ्याला त्यांनी विचारलं तर तो म्हणाला, "तुमीच तं सांगतलं, पाकीट फेका बांधाच्या कडेनं. आमी म्हनलं, काही तरी नवीन इद्या असंन."

'नका'वर मी जोर दिला की माझा भोंगा किंचाळायचा. नुसतं किर्रर्र व्हायचं आणि शब्द त्यात बुडून जायचा. लोक कानावर हात ठेवायचे, आणि हात काढेपर्यंत मी 'बांधाच्या कडेनं'वर पोचलेला असायचो. मला जीपच्या आत बसून हे कळायची सोय नव्हती.

हिंमतराव तापट माणूस. मला समोर बसवून त्यांनी सुनावलं, "तुह्या कय्यूमच्या कानानं माहं नाक कापलं बे! साऱ्या भोंग्याईले त्याचाच लाल ठिपका, अन् सारे सारखेच बोंबलतात. पुढच्या हंगामात मशीन लावून तपासलेला आवाज दाखव. नाई तं मी अकोल्याहून सामान आनतो. तू बी नोको अन् तो बी नोको."

हे मी कय्यूमभाईला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. ॲम्प्लिफायर जोडला, स्वतः माइकवर बोलला, डोळे मिटून ऐकलं. "मस्त तं हाये. गोड हाये," म्हणाला. मला तो आवाज दातात वाळू आल्यासारखा लागत होता, पण कानवाल्यापुढे माझ्या दातांना कोण विचारतो? ॲम्प्लिफायर बंद करून तो म्हणाला, "आनतो मशीन. पाहू द्या हिंमतरावले, माहा कान खरा का मशीन खरं." त्याच्या नावाचा प्रश्न होता. खामगावात दुकानाची पाटीसुद्धा नव्हती त्याची, नाव होतं तेवढंच.

मशीन म्हणजे सिग्नल जनरेटर. हवा तो एकच स्वर, हवा तेवढा मोठा, न थकता काढत राहणारी पेटी. गाणं लावून तपासलं तर त्यात ढोलकी, बासरी, गळा सगळं एकत्र असतं, दोष कुठं आहे ते कळत नाही. एकच सूर खालून वर नेत गेलं की कुठं खरखर होते, कुठं आवाज पडतो, कुठं उडी मारतो, ते उघडं पडतं. हे मी आज शहाण्यासारखं सांगतोय, तेव्हा मला ती शिट्टी वाजवायची डबी वाटली होती. ताहेराभाभी तर तिला शेवटपर्यंत 'शिट्टी'च म्हणाली.

अकोल्याच्या दुकानदारानं त्याच्यापुढे दोन यंत्रं ठेवली. एक नवं, चकचकीत, हिरव्या आकड्यांचं. ते चौकोनी लहर काढायचं, तिरपी काढायचं, आणि थेट रेडिओच्या लहरींपर्यंत वर जायचं. दुसरं जुनं, राखाडी, समोर चंद्रासारखी मोठी गोल तबकडी आणि तिच्यावर काटा. कय्यूमभाईनं परत येऊन मला खरेदीची हकीकत सांगितली ती एखाद्या बैलाच्या खरेदीची सांगावी तशी. "मले रेडिओच्या उंचीवर काय कराचं? मानसाचा कान जिथं सरते तिथं माहं काम सरते," तो म्हणाला. दोन्हींना त्यानं आपला मीटर लावून पाहिला. नव्याचा सूर वर नेताना सुई डुलायची. राखाडीची तबकडी या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली तरी सुई हलली नाही. जे यंत्र स्वतःच कमी-जास्त देतं ते दुसऱ्याची चूक काय दाखवणार, असं त्याचं म्हणणं. शिवाय राखाडीचा सूर निर्भेळ होता आणि आवाज कमी करायची बटणं पायरीपायरीनं होती. ॲम्प्लिफायरला माइक जिथं जोडतात त्या तोंडाला कुजबुजीएवढंच द्यावं लागतं, मोठा घास दिला तर ॲम्प्लिफायर गुदमरतो आणि आपण उगीच त्याला नावं ठेवतो. त्यानं राखाडी उचललं. बाजाराच्या कलकलाटात त्यानं सगळं सुईवर पाहिलं होतं, ऐकलं काहीच नव्हतं.

पहिली परीक्षा लग्नांत वाजणाऱ्या माझ्याच मोठ्या स्पीकर-बॉक्सवर झाली. त्यानं तबकडी अगदी खाली लावली. आवाज असा यायला लागला की तो कानाआधी पायांना कळला. फळीवरचे स्क्रू नाचायला लागले. हळूहळू वर नेलं, आणि एका जागी बॉक्समधून खुळखुळ ऐकू आली. जरा पुढं नेलं, गेली. मागं आणलं, परत खुळखुळ. "हे पाहा!" कय्यूमभाई लहान मुलासारखा हसला. मागचा एक स्क्रू सैल होता. दोन वर्षं त्या बॉक्सवर गाणी वाजली, कुणाला पत्ता नव्हता. यंत्रावरचा त्याचा राग तिथंच अर्धा निवळला.

मग त्यानं सूर वर न्यायला सुरुवात केली. बारीक शिट्टी झाली, आणखी बारीक झाली. आणि त्याचा हात थांबला.

"बंद पडलं," तो म्हणाला.

पडलं नव्हतं. माझ्या कानात सुई घुसत होती. मी तसं म्हणायला तोंड उघडलं तोवर त्यानं आवाज वाढवला. मान तिरकी करून बॉक्सजवळ कान नेला, आणखी वाढवला. मी दोन्ही कान दाबून ओरडलो, "भाई, बंद करा!" त्याला वाटलं मी मस्करी करतोय. पडद्याआडून भाभी ओरडली. रस्त्यावरचं कुत्रं केकाटत पळालं. कय्यूमभाईनं बटण पुरतं फिरवलं, आणि जळक्या लाखेचा वास सुटला. माझ्या बॉक्सचा वरचा लहान स्पीकर जळून खाक झाला होता.

मग जी शांतता झाली ती मला आणि भाभीला ऐकू आली, त्याला त्यात नवीन काही नव्हतं. जनरेटरला लावलेल्या मीटरची सुई अजूनही होती तिथंच उभी होती. "खोटं मशीन देलं त्यानं," तो म्हणाला. "वरचा सूर निघतच नाई."

पडदा जरासा हलला. "मशीन बराबर हाये," भाभी म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

"मले मशीन नाई समजत. तुमी समजता." मग ती हळू आवाजात म्हणाली, "मांगच्या पावसायात तुमी मले इचारलं होतं, औंदा रातकिडे काऊन नाईत म्हनून. याद हाये? मी म्हनलं, कपाशीवर एवढी औषधं मारून राह्यले लोक, मेले असतील. नव्हते मेले जी. रोज ओरडत होते. इथंच, मोरीपाशी."

मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठण्याचाही आवाज झाला असता. कय्यूमभाई स्टुलावर बसून राहिला. रेच्यांच्या गोंगाटात ज्या कानानं नाव कमावलं, तो कान त्याच गोंगाटानं वरून वरून कुरतडत नेला होता, आणि इतक्या सावकाश, की मालकाला सुगावा लागला नाही. मला त्या वेळी त्याचं फार वाईट वाटलं. माझ्या जळालेल्या स्पीकरचं वाईट नंतर, बसमध्ये वाटलं.

बऱ्याच वेळानं तो उठला. जीपवरचा ॲम्प्लिफायर त्यानं टेबलावर घेतला. हीटरची तार कापून त्यानं एक वेटोळं केलेलं होतं, ते पाण्याच्या बादलीत सोडलं आणि भोंग्याऐवजी जोडलं, म्हणजे कुणाचे कान न फाटता मोजता येईल. लाल ठिपक्यावर बटण होतं तसंच ठेवलं. जनरेटरचा सूर खालून वर नेला. मधल्या सुरांना सुई शहाण्यासारखी एका जागी राहिली. वर गेल्यावर तिनं उडी मारली ती थेट टोकाला. त्याला जे ऐकू येत नव्हतं, ते ऐकू येईपर्यंत तो वाढवत गेला होता, आणि जगाच्या कानात खिळे ठोकत होता. दर वर्षी थोडे जास्त.

त्यानं ब्लेड घेतलं आणि स्वतःचा लाल ठिपका स्वतः खरवडून काढला. त्या दिवशी चहा मात्र सगळ्यांना मिळाला.

पण सुईला ॲम्प्लिफायर कळतो, भोंगा कळत नाही. भोंग्यातून हवेत जे बाहेर पडतं त्याला कानच लागतो. पुढच्या खेपेला मी गेलो तर दोघांचा सराव चालू होता. तो इकडे तबकडी फिरवायचा, भाभीनं पडद्याआडून खूण करायची, सूर टोचायला लागला की. त्याला खूण मिळेना. त्यानं बराच वेळ वाट पाहिली आणि शेवटी विचारलं, "टोचून नाई राह्यलं का अजून?"

"कवाची वाजवून राह्यली ना मी! बांगड्या!"

कय्यूमभाईचा हात तबकडीवर तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो, वाजत होत्या. काचेच्या, भरल्या हाताच्या. त्यानं पडद्याकडे पाहून विचारलं, "कवापासून?" हे आताचं विचारत नव्हता तो, आणि भाभीला ते कळलं. मग आतून पोळपाटावर लाटण्याचा ठक् आवाज आला. "हे आयकू येते?" "येते," तो म्हणाला. त्या दिवसापासून दुकानाचं काम लाटण्यावर सुरू झालं.

हंगामाच्या तोंडावर हिंमतराव स्वतः आले. दुपारची वेळ होती. भोंगा समोरच्या ओट्यावर ठेवलेला. कय्यूमभाईनं जनरेटर लावला, सूर चढवायला लागला, आतून एक ठक् आला, त्यानं बटण जरा मागं घेतलं. पुन्हा चढवला, पुन्हा ठक्. हिंमतराव आधी भोंग्याकडे पाहत होते, मग पडद्याकडे पाहायला लागले.

"आतमंदी पोया चालू हायेत का? वास तं येत नाई कुठं."

'हो, पोळ्या' एवढं म्हटलं की सुटलो असतो. बहिऱ्या माणसाकडे आवाजाचं काम कोण देईल? भाभीचं लाटणंही थबकलं. कय्यूमभाईनं यंत्र बंद केलं, हात पुसले.

"पोया नाई हिंमतराव. माहा कान हाये तो. वरचं मले आयकू येत नाई आता. जिनात गेला. तुमची पाकिटं बांधावर गेली, ते माह्याच पायी. आता माही घरवाली आयकते, मी जुळवतो. पटत असंन तं पाहा. नाई तं अकोला जवळच हाये."

माइक हिंमतरावांनीच उचलला आणि ओट्यावरून रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "बिगर बीटीचं पाकीट फेकू नका!" 'नका' असा स्वच्छ वाजला की समोरचा सायकल दुरुस्तीवाला हातातला पंप बाजूला फेकता फेकता थांबला. हिंमतराव हसले तेव्हा त्यांचं पोट हललं. पडद्याकडे वळून ते म्हणाले, "भाभी, तुमचं काय म्हननं हाये?"

"जराक खाली घ्या अजून," आतून आवाज आला. "माय-बाया सैपाक करत असतात, त्याईलेबी आयकाचं असते."

कय्यूमभाईनं जराक खाली घेतलं, ठक् आला, आणि त्यानं सफाची बाटली उघडली. त्या वर्षी पंधराही गावांना वाक्य नीट ऐकू आलं. काहींनी पाकीट पेरलं. बऱ्याच जणांनी नीट ऐकूनही फेकलं, पण भोंग्याला कुणी नाव ठेवलं नाही.

पुढं मी दुकानात गेलो की गिऱ्हाइकं उघड विचारायची, "भाभी हायेत का घरी? मंग थांबतो." 'कानवाले' हे नाव तसंच राहिलं, फक्त आता ते दोघांचं होतं. भाभी कधीकधी पडदा बाजूला सारून बाहेर येऊ लागली होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते तिच्या केसांना मेंदीचा रंग चढल्यावर.

मागच्या वेळी गेलो तेव्हा त्या राखाडी जनरेटरकडे माझं लक्ष गेलं. तबकडीच्या कडेला, बराच वर, एक लाल ठिपका होता. मला नवल वाटलं. तपासायच्या यंत्रावर खूण कशाला? तिथं तर काटा सतत फिरवायचा असतो.

"हा कशाचा, भाई?" मी विचारलं. "तिथं तं तुमाले आयकूच येत नसंन."

"नाईच येत," तो म्हणाला. काटा फिरवून त्यानं ठिपक्यावर आणला आणि यंत्र चालू केलं. बारीक, किणकिणता सूर खोलीत भरला. त्याला तो नव्हता, पण मीटरची सुई उठून उभी राहिली आणि तो तिच्याकडे पाहत राहिला. "तिले बांगड्या वाजवाले लावल्या अन् इचारत गेलो, वर का खाली, वर का खाली. ती म्हनली, बस, हाच बांगड्याईचा सूर. तवा लावला ठिपका."

आत भांडी घासायचा आवाज थांबला.

"आयकून राह्यली मी," भाभी म्हणाली.